स्कॉलरशिपच्या करारातलं एक कलम

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला जाईल. अमेरिकी सरकारच्या ‘सायबरकॉर्प्स’ या सायबर सुरक्षेच्या स्कॉलरशिपसाठी तिची निवड झालीय आणि कळवायला तीन आठवडे उरलेत. ती हवेत आहे. तिचे बाबा म्हणतात, सायबर सुरक्षासुद्धा आता पक्षांच्या भांडणात सापडलीय, सरकारी नोकरीचा भरवसा संपला, त्यापेक्षा खासगी कंपनी बरी. आणि तुम्ही दोघांच्या मध्ये.

बाबांची भीती खरी आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आधी भीतीचं बघू. २०१२ साली अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, सायबर सुरक्षेचं मोठं विधेयक आलं होतं. बाजूने ५२, विरोधात ४६ मतं पडली आणि तरीही ते अडलं, कारण तिथे चर्चा संपवून पुढे सरकायलाच ६० मतं लागतात. पुढे २०१५ मध्ये त्याहून मर्यादित कायदा झाला. हल्ल्याच्या खाणाखुणा कंपन्यांनी सरकारला आणि एकमेकांना कळवल्या, तर त्यावरून त्यांच्यावर खटले भरता येऊ नयेत, एवढंच त्याचं मुख्य काम. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपणार हे दहा वर्षं ठाऊक होतं. मुदतवाढीचं विधेयक एका रिपब्लिकन आणि एका डेमोक्रॅट सिनेटरने मिळून आणलं होतं. तरी कायदा संपलाच. दुसऱ्या दिवशी ४३ दिवसांचं शटडाऊन, म्हणजे खर्चाची मंजुरी नसल्याने सरकारी काम ठप्प होणं, सुरू झालं आणि ते संपवणाऱ्या विधेयकातून या कायद्याला ३० जानेवारी २०२६ पर्यंतचं ठिगळ लागलं.

गंमत अशी, की अडवणूक या कायद्याच्या मजकुरावरून नव्हतीच मुळी. सिनेटच्या संबंधित समितीचे अध्यक्ष रँड पॉल यांना ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने लोकांच्या बोलण्यात, अपप्रचार शोधण्याच्या कामात पडू नये, अशी हमी हवी होती. हा राग २०२० च्या निवडणुकीपासूनचा. तेव्हाचे सिसाचे प्रमुख ख्रिस क्रेब्स यांनी निवडणूक सुरक्षित झाल्याचं ठामपणे सांगितलं आणि त्यांना ट्रम्प यांनी एका ट्वीटने काढून टाकलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती बघायची परवानगी, तोही गेला. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं एक वाक्य राजकीय ठरलं, ते असं.

पण तुमच्या मुलीपुरता धोका या बातम्यांत नाही. तो स्कॉलरशिपच्या करारात आहे, आणि तो करार घरात तिच्याशिवाय कुणी वाचलेला दिसत नाही.

ही स्कॉलरशिप फी भरते, वर पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला २७,००० डॉलर देते. बदल्यात जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं सरकारी नोकरी करायची. नोकरी शोधायची जबाबदारी विद्यार्थ्याची. पदवीनंतर दीड वर्षात ती मिळाली नाही तर घेतलेली सगळी रक्कम कर्ज होते. एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, सरकारलाच माणसं पुरत नव्हती. मग २० जानेवारी २०२५ ला केंद्रीय नोकरभरती गोठवली गेली. हातात आलेल्या ऑफर परत गेल्या आणि सरकारी सेवेसाठीच शिकलेली हुशार मुलं सरकारी दारात उभी राहिली, डोक्यावर कर्जाची तलवार घेऊन. भरती सरकारने थांबवायची आणि भुर्दंड मुलांनी भरायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. पण करार तोच आहे.

म्हणून तिघांनी बसून एकच हिशोब करा: ही रक्कम उद्या कर्ज झाली तर ती किंवा तुम्ही फेडू शकाल का? ‘ओढाताण होईल, पण हो’ असं उत्तर आलं तर माझं मत घ्यायच्या बाजूने. उत्तर नाही असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. त्याने क्षेत्र सुटत नाही.

घ्यायची ठरली तर दोन गोष्टी. पहिली, केवळ वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसू नका. करारात काही प्रमाणात राज्य आणि स्थानिक सरकारांतली नोकरीही चालते. ते प्रमाण किती, तिच्या कॉलेजात त्यातल्या किती जागा उरल्यात, हे सही करण्याआधी समन्वयक प्राध्यापकांना लेखी विचारायला सांगा. २०१९ मध्ये बाल्टिमोर शहराची यंत्रणा रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पाडली, तेव्हा तिथले घरांचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडकले होते. अशा शहरांना मदत करणाऱ्या सामायिक केंद्राचा केंद्रीय निधी सप्टेंबर २०२५ मध्ये थांबला. म्हणजे कामाचं ओझं खाली सरकलंय, माणसं तिथे लागणार. आणि तिला एखादा सार्वजनिक धोरणाचा विषय घ्यायला लावा. बिघाड काय आहे हे संगणक न कळणाऱ्या आमदाराला एका पानात समजावणारा इंजिनिअर क्वचित सापडतो.

दुसरी गोष्ट तुमच्याच घरातली. क्लिअरन्स लागणाऱ्या नोकरीसाठी एसएफ-८६ नावाचा शंभराहून अधिक पानांचा फॉर्म असतो. तिची गेल्या सात वर्षांतली परदेशवारी, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटणारे मामा-मावशी, जे भारतीय नागरिक आहेत, ते जवळचे परदेशी संबंध म्हणून त्यात येतील. भारतातल्या एखाद्या ठेवीवर, घरावर मायेने तिचं नाव लावलं असेल तर तेही. नातेवाईक भारतात आहेत म्हणून सहसा अडत नाही. लपवलं म्हणून अडतं. (सरकारकडचे असेच फॉर्म २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या चोरीत गेले होते, २ कोटी १५ लाख लोकांची माहिती! बाबांना हे सांगितलंत तर त्यांचा मुद्दा आणखी पक्का होईल, तयारीत राहा.)

तेव्हा करार मागवून घ्या, कर्जाच्या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तो आधी बाबांना वाचायला द्या. प्राध्यापकांचं लेखी उत्तर आलं की मला पुन्हा लिहा. तीन आठवड्यांत तेवढा वेळ आहे.