पहिला योग व्हिडिओ निवडताना

व्हिडिओ लावून लगेच चटई अंथरू नकोस. आधी एकदा नुसता ऐक, डोळे मिटून. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलतो त्या आसनात, डोकं खाली असतं, स्क्रीन दिसत नाही; बघायला मान वळवलीस की लचक भरलीच म्हणून समज. त्यामुळे श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, टाच कुठे टेकवायची हे शिकवणाऱ्याने बोलून सांगायलाच हवं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून बसून पुढे वाकताना, ‘गुडघे थोडे वाकवले तरी चालतील’ म्हणणारा शिक्षक मला जास्त भरवशाचा वाटतो. सुरुवातीला 20 मिनिटं पुष्कळ झाली. शेवटी शवासनच नसेल, तर तो व्हिडिओ सोडून दे. शीर्षासनाचे तर सध्या नकोतच. रक्तदाब किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचार.