वाचकांचे प्रश्न : त्याच गोठ्यावर पुन्हा पुन्हा

प्रश्न : शहराजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्राचा वर्षाचा पास काढलाय. मुलं 4 आणि 8 वर्षांची. दुसऱ्याच खेपेला 'तेच ते' म्हणून कंटाळली. आम्ही रविवारी दुपारी 12 ला पोचतो. एकदा धार काढताना मालकांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आमचं काय चुकलं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : वेळ चुकली. दुपारी जनावरं रवंथ करत पडलेली असतात, तेव्हा मुलांना बघायला उरतं काय? चारला पोचा. वैरण कुट्टी करून गव्हाणीत पडते, मग रेडकू सोडतात, ते कासेला ढुसण्या मारतं आणि म्हैस पान्हा सोडते. पान्हा टिकतो जेमतेम काही मिनिटं, तेवढ्यात धार उरकावी लागते. अनोळखी माणसं जवळ आली, कुणी ओरडलं, की म्हैस बिथरते, पान्हा चोरते आणि दूध कासेतच अडकतं. मालकांचं म्हणणं रास्तच होतं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोरच धार काढतात, तिथल्या म्हशींना गर्दीची सवय असते, शेतावरच्या म्हशींना ती नसते. दहा फुटांवर, म्हशीला दिसाल असं बाजूला उभं राहा. मागून जाऊ नका, लाथ बसते.

पुढच्या खेपा जनावरांच्या तारखा विचारून ठरवा. खुडूक कोंबडी अंड्यांवर कधी बसवली ते विचारा आणि 21 व्या दिवसाच्या आसपास जा. टरफलाला पडलेलं पहिलं भोक मुलांना दिसेल. बदकाच्या अंड्यांना 28 दिवस लागतात. शेळी गाभण राहिल्यापासून 5 महिन्यांनी विते. व्याल्यावर लगेच धावू नका, तीन आठवडे जाऊ द्या, तोवर करडं उड्या मारायला लागलेली असतात. एकाच करडाची उंची दर खेपेला काठीवर खूण करून मोजली, तर मुलं स्वतःच पुढची तारीख विचारतील. आषाढात बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, सुमाराला बैलांची रंगवलेली शिंगं बघायला मिळतात, थंडीत जवळपास गुऱ्हाळ चालू असेल तर तेही जोडून घ्या.

प्रश्न : शेळ्यांना घरच्या उरलेल्या चपात्या नेल्या तर चालतील?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नेऊ नका. एका चपातीनं काही होत नाही, पण रविवारी वीस घरं तेच आणतात. पीठ-भात जास्त झाला की पोटात आम्ल वाढतं, शेळी रवंथ सोडते, पोट फुगतं. कधी जीवही जातो. मालकांकडून शेवरीचा पाला मागून घ्या आणि जुडी शेळीच्या डोक्याच्या उंचीला बांधा. मान वर करून ओरबाडून खाणं ही तिची मूळ सवय, खाली पडलेला पाला ती तुडवते. हातावर द्यायचंच तर तळवा सपाट, अंगठा चिकटलेला. शेळीला वर पुढचे दात नसतात, पण आतल्या दाढा बोट चेचतात.

प्रश्न : तिथं धारोष्ण दूध प्यावं का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : आपल्याकडची आवड माहीत आहे, तरी नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो, म्हणून उकळी आणूनच प्या. गरोदर बाईनं नुकत्याच व्यालेल्या शेळी-मेंढीपासून लांब राहावं. शेणाच्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही; साबण लावून 20 सेकंद हात धुवा, मगच भडंगाची पिशवी उघडा. आणि घरी शेळ्या असतील तर परतल्यावर चपला धुतल्याशिवाय स्वतःच्या गोठ्यात जाऊ नका, लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग चपलेबरोबर येतो.