'किंवा'तला बदामाचा राजा

प्रश्न असा आला आहे: "52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला. तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता किती? 'किंवा' म्हणजे दोहोंपैकी एकच ना? मग बदामाचा राजा धरायचा की सोडायचा?"

धरायचा, पण एकदाच. राजे 4, बदाम 13, दोन्हीकडे मोजला गेलेला 1 वजा. 16/52, म्हणजे 4/13. त्या पत्त्याला हाकलायला ही वजाबाकी नाही; तो दोनदा मोजला गेला, एवढंच.

'किंवा म्हणजे एकच' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. त्यावर तोडगा म्हणून 'आणि/किंवा' लिहिणारे तर डोक्यातच जातात. अहो, निवड करायला लावणारा 'की' मराठीत आहे! 'राजा हवा की बदाम?' यात एक सोडावा लागतो. 'राजा किंवा बदाम, काहीही टाक' म्हटल्यावर बदामाचा राजा पडला, तर तो कोणी परत करतं का?

आता मुद्द्याचं. किंवा = किम् + वा. त्यातला किम् ठेवा बाजूला, 'वा' बघा. संस्कृतात हा वाक्याच्या आरंभी येत नाही, आधीच्या शब्दाला टेकूनच उभा राहतो. म्हणून त्याला कधी 'किम्'चा खांदा, कधी 'अथ'चा. लॅटिनमधला त्याचा सख्खा भाऊ 'वे'. तोही शब्दाच्या शेपटीलाच चिकटतो. तर्कशास्त्रात 'किंवा'साठी व्ही अक्षरासारखं चिन्ह आहे, ते लॅटिन 'वेल'वरून आलं. तेवढ्यावर 'वेल म्हणजे आपला वा' असं ठोकून देणारे पंडित आहेत. साफ चूक! 'वेल' आला 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदातून.

आणि यास्क, वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणारा प्राचीन पंडित! 'निरुक्त' या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो 'वा'चे दोन अर्थ देतो. पहिला विचारणेचा: सोम प्यायलेला वक्ता म्हणतो, ही पृथ्वी इथे ठेवू की तिथे, 'इह वेह वा'. एक पृथ्वी दोन जागी राहणार नाही, तेव्हा हा आपला 'की'. दुसरा अर्थ चक्क समुच्चयाचा: 'वायुर्वा त्वा मनुर्वा त्वा', वायूही आणि मनूही. 'वा'च्या पोटात 'आणि'! आमचं शालेय व्याकरण मात्र 'आणि' समुच्चयबोधक, 'किंवा' विकल्पबोधक असे दोन डबे करून झाकणं घट्ट लावतं. गणितातला 'किंवा' हा यास्काच्या या दुसऱ्या 'वा'चा वारस आहे, असं माझं मत. कोणाला पटो न पटो.

हां, तुमचा पत्ता राहिलाच. बदामाचा राजा खरंच नको असेल, तर 'पण दोन्ही नाही' असं प्रश्नातच लिहा. मग उत्तर 15/52.