'भ्रूण' कधी आणि 'गर्भ' कधी?

आईच्या पोटात वाढणाऱ्या जिवाला 'भ्रूण' म्हणावे की 'गर्भ', हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत काय, आणि असल्यास शास्त्राची पुस्तके त्यांत भेद का करतात, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. संस्कृतापुरते उत्तर अमरकोशाने एका चरणात देऊन ठेवले आहे : 'गर्भो भ्रूण इमौ समौ', म्हणजे हे दोन्ही सारखेच. आजच्या शास्त्रीय मराठीत मात्र ते सारखे राहिलेले नाहीत. पाश्चात्त्य वैद्यकातील दोन वेगळ्या संज्ञांसाठी दोन वेगळे शब्द हवे होते, तेव्हा परिभाषा घडवणाऱ्यांनी हाताशी असलेल्या या जोडीची वाटणी करून टाकली. माझ्या मते ही वाटणी चांगली झाली. अडचण एवढीच की ती बोलण्यालिहिण्यात पुरती उतरली नाही.

वाटणीची रेषा फलनानंतरच्या आठव्या आठवड्याच्या अखेरीस आहे. ऋतुचक्राच्या साधारण मध्यावर अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडते आणि जेमतेम एक दिवस फलनक्षम राहते. त्या अवधीत अंडनलिकेच्या रुंद भागात शुक्रपेशीशी तिचा संयोग झाला, तर जी एकच पेशी तयार होते तिला 'युग्मनज' म्हणतात. ही पेशी विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकते, पाचव्या दिवसाच्या सुमारास तिचा द्रवाने भरलेला पोकळ गोळा झालेला असतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. यालाच 'रोपण' ही संज्ञा आहे. या गोळ्याच्या आतल्या पेशींच्या पुंजक्यापासून पुढे बाळ घडते आणि बाहेरच्या थरापासून वारेचा मोठा भाग. काटेकोर भ्रूणवैज्ञानिक रोपणाआधीच्या अवस्थांना स्वतंत्र नावे देतात, परंतु व्यवहारात विभाजन सुरू झाल्यापासून आठवा आठवडा संपेपर्यंत 'भ्रूण' आणि तेथून जन्मापर्यंत 'गर्भ' असे म्हटले जाते. ही रेषा मनमानी नाही, कारण हृदयाचे स्पंदन चौथ्या आठवड्यात सुरू होते, हातापायांचे अंकुरही त्याच सुमारास दिसू लागतात, आणि आठवा आठवडा संपता संपता बहुतेक सर्व प्रमुख अवयवांची पायाभरणी झालेली असते. त्यानंतरचे काम मुख्यतः वाढीचे आणि परिपक्वतेचे असते.

येथे आकड्यांची एक फसगत होते. डॉक्टर गर्भारपणाचे आठवडे फलनापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण स्त्रीला तोच दिवस निश्चित ठाऊक असतो. अठ्ठावीस दिवसांचे चक्र धरले, तर या हिशेबात सुमारे दोन आठवडे असे येतात की ज्यांत फलनच झालेले नसते. म्हणून सोनोग्राफीच्या अहवालात 'आठ आठवडे' लिहिलेले असेल, तर तो जीव अजून भ्रूणच असतो, आणि दवाखान्याच्या मोजणीने दहा आठवडे पूर्ण झाल्यावर तो गर्भ होतो. आपल्याकडचा 'दिवस गेले' हा वाक्प्रचारही पाळीचेच दिवस मोजतो, हे जाता जाता नोंदवण्याजोगे.

आता 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द पाहू, कारण मूळ शंका बहुधा तेथूनच आली असावी. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच, नंतरच्या दुरुस्तीने, दोन्ही संज्ञांच्या व्याख्या दिलेल्या आहेत : फलनापासून छप्पन्न दिवसांपर्यंत भ्रूण आणि सत्तावन्नाव्या दिवसापासून जन्मापर्यंत गर्भ. सोनोग्राफीत लिंग भरवशाने ओळखू येते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर, म्हणजे भ्रूणावस्था सरल्यावर. तेव्हा परिभाषेच्या काट्यावर तोलले, तर सोनोग्राफीने लिंग पाहून जिचा जीव घेतला जातो ती भ्रूण नसून गर्भ असते. तरीही हा शब्द बदलावा असे मला वाटत नाही. 'भ्रूणहत्या' हे धर्मसूत्रांनी महापातकांच्या पंक्तीत बसवलेले जुने नाव आहे, त्यात अमरकोशाचाच व्यापक अर्थ आहे, आणि त्या नावामागचा धिक्कार 'स्त्रीगर्भहत्या' या नव्या घडणीत उतरणार नाही.

याच्या उलट, प्रयोगशाळेतील फलनाच्या संदर्भात 'भ्रूण' हा एकच शब्द चालतो. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, आणि तेव्हापासून शरीराबाहेर काही दिवस वाढणाऱ्या जिवाविषयी मराठीत लिहिण्याची गरज वारंवार पडू लागली. 'भ्रूण गोठवून ठेवले' असे आपण लिहितो. 'गर्भ गोठवला' असे कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तर कानाला खटकते. हे खटकणे फार जुने आहे. चरकाने शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग 'कुक्षिगत' झाल्यावरच त्याला गर्भ ही संज्ञा मिळते, असे म्हटले आहे. कुशीत नसेल तर गर्भ नाही, हा त्याचा अर्थ काचेच्या बशीलाही लागू पडतो.

या 'आत असण्या'नेच 'गर्भ' मराठीच्या हाडीमाशी खिळला. गाभा, देवळाचा गाभारा, गाभण म्हैस, अवेळी गाभडलेली गाय हे सारे त्याचेच वंशज होत. 'भ्रूण' मात्र पोथीतून थेट पाठ्यपुस्तकात आला, आणि म्हणूनच त्याला नेमका, अरुंद अर्थ देणे सोपे गेले; वनस्पतिशास्त्रातही बीजातल्या रोपाच्या अंकुराला तोच शब्द बिनतक्रार लागला. सामासिक शब्दांवर ही वाटणी लादण्याचे कारण नाही. सहाव्या आठवड्यात झालेला पातही 'गर्भपात'च होय. त्याला कोणी शास्त्रशुद्धतेच्या भरात 'भ्रूणपात' लिहिले, तर संपादकाने तो निःसंकोच खोडावा.