उतरणीवरचा ठोकळा आपोआप वर का चढत नाही?

तुमची आकडेमोड बरोबर आहे, फक्त उत्तर अशक्य आहे. ३० अंशांच्या उतरणीवर ५ किलोचा ठोकळा ठेवलाय, स्थितिक घर्षणांक (ठोकळा स्थिर असतानाचा) ०.७, गतिक (घसरत असतानाचा) ०.५. घर्षण तुम्ही २९.७ न्यूटन काढलंत, खाली ओढणारं बल २४.५, आणि वजाबाकी करून ठोकळा ५.२ न्यूटनने वर निघाला! वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये वजनकाटा कधी जास्त तर कधी कमी का दाखवतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. गोंधळ दोन्हीकडे एकच आहे.

या गणितांत आधीपासून ठाऊक असतं ते फक्त गुरुत्वाकर्षण. लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो रेटा) आणि स्थितिक घर्षण यांची किंमत परिस्थितीनुसार ठरते, म्हणून ती न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून (एकूण बल = वस्तुमान × त्वरण) काढायची. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे स्थितिक घर्षण नव्हे, ती त्याची कमाल मर्यादा. ठोकळ्याला थोपवायला २४.५ न्यूटन पुरतात, म्हणून घर्षण २४.५च. उरलेले ५.२ म्हणजे शिल्लक क्षमता. उतार वाढवत नेलात तर साधारण ३५ अंशांवर ती संपते (टॅन ३५ अंश म्हणजे ०.७) आणि ठोकळा सुटतो. वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी कटतं, त्यामुळे ५० किलोचा ठोकळाही त्याच कोनाला सुटेल.

एकदा घसरण सुरू झाली की मात्र घर्षणाची किंमत ठरलेली : गतिक घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (५ × ९.८ × कॉस ३० = ४२.४), म्हणजे ०.५ × ४२.४ = २१.२ न्यूटन. त्यामुळे याच ३० अंशांवर एक गंमत होते. नुसता ठेवलेला ठोकळा जागचा हलत नाही, पण खालच्या दिशेने जरा धक्का देऊन सरकवलात तर तो थांबतही नाही. २४.५ वजा २१.२ म्हणजे ३.३ न्यूटन शिल्लक, त्वरण ०.६६ मी/से². उलट तो वरच्या दिशेने ढकलून सोडलात, तर घर्षणही खालीच खेचतं. बेरीज ४५.७ न्यूटन, वेग ९.१४ मी/से² दराने घटतो. आणि वर जाऊन थांबला की तिथेच राहतो, कारण थांबल्याक्षणी स्थितिक घर्षण पुन्हा लागू. परत खाली येण्याचा वेळ काढत बसणारे इथेच फसतात. आधी टॅन ३० (०.५८) आणि ०.७ यांची तुलना करा; टॅन लहान, म्हणजे ठोकळा थांबूनच राहणार.

आता लिफ्ट. काटा तुमचं वजन मोजत नाही, तळाची लंब प्रतिक्रिया मोजतो. ६० किलोच्या माणसाचं वजन ६० × ९.८ (गुरुत्व त्वरण) = ५८८ न्यूटन. लिफ्ट २ मी/से² ने वर वेग घेताना काटा ६० × ११.८ (९.८ अधिक २) = ७०८ न्यूटन दाखवेल. समान वेगाने वर जाताना ५८८. वरच्या मजल्याजवळ त्याच दराने वेग कमी करताना ६० × ७.८ (९.८ वजा २) = ४६८, आणि लिफ्ट अजून वरच चाललीय! म्हणून लिफ्ट कुठे चालली आहे ते बघू नका, त्वरण कुठे आहे ते बघा. खाली जाता जाता ब्रेक लागला तर त्वरण वर असतं, काटा पुन्हा जास्त दाखवतो.

दोन्ही एकत्र करून बघा. तीच उतरण २ मी/से² ने वर त्वरण घेणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवली तर ठोकळा घसरेल का? लंब प्रतिक्रिया वाढली, म्हणून घर्षणाची मर्यादा २९.७ वरून ३५.८ वर गेली. पण ठोकळ्याला लिफ्टबरोबर वर न्यायचंय, म्हणून लागणारं घर्षणही २४.५ वरून २९.५ झालं. ९.८ च्या जागी सगळीकडे ११.८ आलं, गुणोत्तर तेच, सुटण्याचा कोनही तोच. केबल तुटून लिफ्ट मुक्तपणे पडली, तर लंब प्रतिक्रिया शून्य, घर्षणही शून्य, आणि ठोकळा उतरणीवर नुसता तरंगत राहील.

आता धक्का दिलेला ठोकळा याच लिफ्टमध्ये खाली घसरतोय असं धरून त्याचं लिफ्टच्या सापेक्ष त्वरण काढा. ०.७९ मी/से² यायला हवं. ०.६६ आलं तर ११.८ टाकायचं राहिलंय.