'विचर ४' या व्हिडिओ गेमची नायिका सिरी हिच्यावर 'ट्रायल ऑफ द ग्रासेस' (माणसाला राक्षस मारणारा 'विचर' बनवणारी जडीबुटीची परीक्षा) झालीय का? सोलापुरात सात रस्त्यावर मित्राशी पैज लागलीय.

हो, झालीय, तेव्हा तुम्ही 'नाही' म्हटलं असेल तर मित्राला शेंगाचटणी-कडक भाकरी खाऊ घालायची तयारी ठेवा. डिसेंबर २०२४चा ट्रेलर थांबवून थांबवून बघा: बाउक नावाच्या राक्षसाशी लढताना ती बाटलीतलं औषध घशाखाली उतरवते, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मांजरासारख्या उभ्या! साध्या माणसाला ते औषध म्हणजे विषच, म्हणून २०१५च्या 'विचर ३'मध्ये ते तिच्या वाट्याला नव्हतं. बनवणाऱ्यांनीही मुलाखतींत हे मान्य केलंय. फक्त, ही परीक्षा लहान पोरांवर व्हायची आणि त्यातलीही बहुतेक दगावायची. मग एवढी मोठी सिरी वाचली कशी, ते गेमसाठी राखून ठेवलंय. तिची टेलिपोर्टची (क्षणात दुसरीकडे प्रकट व्हायची) शक्ती त्यातच गेली म्हणणारे तूर्तास अंदाजपंचे बोलतायत.