वाचक विचारतात : वित्र आणि तहज्जुद

(वित्र ही ईशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजीनंतरची विषम रकातींची नमाज; तहज्जुद ही रात्री झोपेतून उठून पढायची नमाज. रकात म्हणजे नमाजीचं एक आवर्तन. हनफी आणि शाफई हे सुन्नी मुस्लिमांचे दोन मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरा.)

प्रश्न : मी हनफी आहे. वित्रच्या तिसऱ्या रकातीत दुआ-ए-कुनूत (उभ्याने पढायची खास दुआ) विसरलो आणि थेट रुकूत (कमरेतून वाकून) गेलो. लक्षात येताच परत उभा राहिलो, कुनूत पढली आणि पुन्हा रुकू केला. नमाज झाली का? (जालना)

उत्तर : शेवटी सजदा-ए-सहव (चुकीच्या भरपाईचे दोन जादा सजदे) केला असेल तर झाली. केला नसेल तर वेळ असेपर्यंत ती वित्र पुन्हा पढून घ्यायची. मुळात रुकूतून परत उठायचं नव्हतं. कुनूत सुटली की सुटली. नमाज तशीच पुढे न्यायची आणि शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात (बसून पढायचा पाठ) पढून उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, मग पुन्हा अत्तहिय्यात, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), दुआ आणि दोन्हीकडे सलाम. चुकून उठलंच, तर दुसरा रुकू करायचा नाही, सरळ सजद्यात जायचं. सजदा-ए-सहव मात्र तरीही द्यावाच लागतो.

हनफी पद्धतीत वित्र वाजिब आहे, म्हणजे इच्छा झाली तर पढावी अशी नफ्ल नव्हे. तीन रकाती, एकच सलाम. दुसऱ्या रकातीनंतर बसून फक्त अत्तहिय्यात पढायची आणि उठायचं. दरूद सुरू केलात तर तिथेही सजदा-ए-सहव. सर्वाधिक चूक तिसऱ्या रकातीत होते. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) फर्जची, म्हणजे अनिवार्य नमाजीची सवय हाताशी असते, म्हणून लोक नुसती सूरह फातिहा पढून मोकळे होतात. वित्रच्या तिन्ही रकातींत फातिहानंतर आणखी एक सूरह (कुराणातला अध्याय) हवीच. ती संपली की हात कानांपर्यंत नेऊन तकबीर (‘अल्लाहु अकबर’), हात पुन्हा बांधायचे, कुनूत मनातल्या मनात नव्हे तर ओठ हलवून हळू आवाजात, आणि मग रुकू. कुनूत पाठ नसेल तर पाठ होईपर्यंत ‘रब्बना आतिना’ची दुआ चालते. पाठ नाही म्हणून वित्रच सोडणारे भेटतात. त्याला काही आधार नाही.

ही दुसरी रकात की तिसरी, असा घोळ झाला तर? त्याच रकातीत कुनूत पढा, बसून अत्तहिय्यात पढा, उठून आणखी एक रकात पढा, तीतही कुनूत, आणि शेवटी सजदा-ए-सहव.

प्रश्न : माहेर रत्नागिरीकडचं, आम्ही शाफई. सासर मराठवाड्यात, इथे सगळे हनफी. सासूबाई म्हणतात, तुझी वित्र अपुरी आहे. कोणाचं ऐकू? (परभणी)

उत्तर : लग्नाने मजहब बदलत नाही. तुमची वित्र अपुरी नाही, तिची बांधणी वेगळी आहे. कोकणातल्या शाफई घरांत वित्र सुन्नत-ए-मुअक्कदा (आग्रहाची, पण वाजिब नसलेली) मानतात. कमीत कमी एक रकात, जास्तीत जास्त अकरा. तीन पढायच्या तर दोन रकातींनंतर सलाम फेरून एक रकात वेगळी, हे उत्तम. कुनूत वर्षभर वित्रमध्ये नसते. ती रमजानच्या उत्तरार्धात, सोळाव्या रात्रीपासून, आणि तीही शेवटच्या रकातीत रुकूतून उठल्यावर. रोजची कुनूत तुमच्याकडे फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजीला असते. सासूबाईंना बहुधा हेच खटकत असेल : वित्रला कुनूत नाही आणि मधेच सलाम! सजदा-ए-सहवही शाफई पद्धतीत सलामाच्या आधी होतो.

रमजानमध्ये तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजीनंतर) हनफी इमामामागे वित्र पढायची वेळ आली तर त्याच्याबरोबर सलग तीन पढा. शाफई मतानुसार तीही चालते. उलट बाजूला मात्र अडचण आहे. हनफी माणूस कोकणात गेला आणि इमामाने दोन रकातींवर सलाम फेरला, तर हनफी उलेमांच्या प्रचलित मतानुसार त्याने आपली वित्र वेगळी पढावी.

प्रश्न : ईशाबरोबर वित्र पढून झोपतो. कधी तीनला जाग येते. तहज्जुद पढू शकतो का? वित्र पुन्हा पढायची का? (पुणे)

उत्तर : तहज्जुद पढा, वित्र पुन्हा नको. एका रात्रीत दोन वित्र नाहीत, अशी हदीस आहे. रात्रीची शेवटची नमाज वित्र असावी अशीही हदीस आहे, पण ती ज्याला जाग येण्याची खात्री आहे त्याच्यासाठी. खात्री नसेल त्याने झोपण्याआधीच वित्र उरकावी. म्हणजे तुमचं चाललंय ते बरोबर.

तहज्जुदला अजान नाही, इकामत (नमाज सुरू होतानाची हाक) नाही, ठरावीक सूरह नाही. मोबाईलवर फिरणारे ‘अमुक सूरह इतक्या वेळा’ असे संदेश सोडून द्या. आधी दोन हलक्या रकाती, मग दोन-दोन करून जमेल तितक्या. दोनच पढल्या तरी तहज्जुद होते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या रिवायतीत (कथनात) आठ आणि तीन वित्र, अशा अकरा येतात. आवाज मध्यम, शेजारी झोपलेल्याची झोप मोडणार नाही इतका.

प्रश्न : रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा कसा काढायचा? (सोलापूर)

उत्तर : मगरिबपासून सुब्हसादिकपर्यंतचा (पहाटेचा खरा उजेड फुटेपर्यंतचा) वेळ घ्या आणि तीनने भागा. समजा मगरिब ७:१५ ला आणि सुब्हसादिक ४:४२ ला. मधे ९ तास २७ मिनिटं. एक हिस्सा ३ तास ९ मिनिटांचा. ४:४२ मधून तो वजा केला की १:३३. थंडीत मगरिब ६:०५ आणि सुब्हसादिक ५:४५ धरली तर १:५२ येतात. रात्र दोन तासांहून अधिक लांबली, पण सुरुवात जेमतेम वीस मिनिटं सरकली. म्हणून बारा महिने दोनचा गजर लावणाराही फारसा चुकत नाही.

चूक होते ती दुसऱ्या टोकाला. मशिदीच्या तक्त्यावर फज्रच्या जमातीची (सामूहिक नमाजीची) वेळ पाहून लोक तोवर तहज्जुद पढत बसतात. वेळ संपते सुब्हसादिकला, म्हणजे सहरी संपते तेव्हा. अजान आणि जमात त्यानंतरच्या. त्या वेळेपर्यंत वित्र राहिली असेल तर ती कजा होते, म्हणजे तिची वेळ टळते. हनफींना ती कजा पढावीच लागते, शाफईंना पढणं चांगलं.

प्रश्न : गुडघे दुखतात. बसून चालेल? (मिरज)

उत्तर : तहज्जुद नफ्ल आहे, ती धडधाकट माणसालाही बसून पढता येते, सवाब (पुण्य) निम्मा. त्रास खरा असेल तर सवाब कमी होत नाही. वित्र हनफींना उभं राहता येत असताना बसून पढता येत नाही. उभं राहणं खरोखर जमत नसेल तरच बसा.